सात नंबरला लावलेलं कुंकू

मी भांडखोर आहे हे माहेरी मी चालायला लागल्यापासून सगळ्यांना ठाऊक होतं. सासरी ते पहिल्या महिन्यातच कळलं. लॅबमध्ये मात्र मी कित्येक वर्षं गरीब गाय म्हणून खपून गेले, कारण तिथं भांडावं असं काही हातात आलंच नव्हतं. आलं ते खंडेनवमीनंतर, आणि तेही एका बाटलीवरून.

आमची लॅब शेंद्र्याच्या एमआयडीसीत, जालना रोडला, करमाडच्या अलीकडं. बाहेरून बघाल तर गोदामच वाटेल. आत आम्ही पेशी वाढवतो. नातेवाईक विचारतात, म्हणजे नेमकं काय करतेस गं, तर मी सांगते की डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांना वेळेवर खायला घालते. एवढ्यानं त्यांचं समाधान होतं आणि माझी सुटका होते.

इथं मात्र नीट सांगायला हवं, नाहीतर पुढचं भांडण कळायचं नाही. आपल्या प्रत्येक पेशीत कायनेज नावाची प्रथिनं असतात. ‘वाढ’ किंवा ‘थांब’ असा निरोप पुढं पोचवणं हे त्यांचं काम. त्यातलं एखादं बिघडलं की ते ‘वाढ, वाढ’ एवढंच सांगत सुटतं, आणि काही कर्करोग असेच सुरू होतात. मग त्या एका कायनेजचं तोंड बंद करणारं औषध शोधायचं. पण औषध लागू पडतं की नाही हे बघायला पेशीही तशीच हवी, त्या बिघडलेल्या कायनेजवरच जिचा जीव टिकून आहे अशी. औषधानं कायनेज बंद झालं की ती मेली पाहिजे.

अशी पेशी घडवावी लागते. उंदराच्या रक्तातल्या एका जातीच्या पेशी आहेत, त्यांना जगायला एक ठरावीक प्रथिन वरून घालावं लागतं. लॅबमध्ये आम्ही त्याला नुसतं ‘फॅक्टर’ म्हणतो. फॅक्टर बंद केला की दोन-तीन दिवसांत सगळ्या गेल्याच. या पेशींमध्ये बिघडलेल्या कायनेजचं जनुक कायमचं बसवायचं आणि मग फॅक्टर काढून घ्यायचा. ज्या जगल्या त्या कायनेजच्या जिवावर जगल्या, असं समजायचं. ‘समजायचं’ हा शब्द मी मुद्दाम लिहिला आहे.

तोवर आम्ही दुसऱ्यांनी घडवलेल्या पेशींवर दुसऱ्यांची औषधं तपासून द्यायचो. स्वतःची लाइन, म्हणजे पिढ्यानपिढ्या तशीच राहणारी पेशींची वंशावळ, आम्ही घडवलेली नव्हती. एका परदेशी गिऱ्हाइकानं ती मागितली आणि आमच्या सरांनी हो म्हणून टाकलं. सर म्हणजे आमच्या विभागाचे प्रमुख. घराण्यात पूर्वी भिक्षुकी. आता आपल्या हातात पंचांगाऐवजी पिपेट आलं, असं ते स्वतःच म्हणत. हो म्हणून झाल्यावर त्यांनी आम्हाला बोलावून घेतलं.

“हैदराबादनं स्पष्ट सांगितलंय,” सर म्हणाले. हैदराबाद म्हणजे आमचं मुख्य ऑफिस. “ही लाइन गिऱ्हाइकानं पास केली तर पेशींचं काम इथंच राहील. नाही केली तर पेशी गोठवून ठेवलेले आपले फ्रीजर तिकडं जातील. ज्यांना जायचंय त्यांनी त्यांच्यामागं जायचं.”

मला जायचं नव्हतं. नवरा शिक्षक, त्याची शाळा शहरात, सिडकोत, लेकीची तिच्याच शेजारी, आणि आईवडील करमाडच्या पलीकडं मेंढरांमागं. पण खरं कारण हे नव्हतंच. जिथं माझ्या लहानपणी आमची मेंढरं चरायची तिथंच आता जगाला लागेल असं काहीतरी मी माझ्या हातानं घडवत होते, आणि ते उचलून दुसरीकडं नेणं मला अपमान वाटत होता. हे मी तेव्हा कुणाला बोलले नाही.

कामाला लागलो. जनुक घातलं. ज्यांत ते बसलं नाही त्या पेशी मराव्यात म्हणून एक वेगळंच, निवड करणारं औषध घातलं. उरलेल्यांतली एकेक पेशी ताटलीतल्या वेगळ्या खळग्यात ठेवली, म्हणजे प्रत्येक खळग्यात एकाच आईची संतती वाढेल. तिला म्हणायचं क्लोन. मग फॅक्टर काढला. बरेच क्लोन मेले, काही रडतखडत जगले, आणि एक असा वाढला की बघत राहावं. तो सात नंबर. बुधवारी मोजावा, शुक्रवारी दुप्पट-तिप्पट. मायक्रोस्कोपखाली गोल, चकचकीत, मोत्यांसारखा. त्याच्या शेजारी एकोणीस नंबर म्हणजे अगदीच रडका. वाढायचा, पण आपल्या चालीनं.

जगलेल्या क्लोनची यादी मी केली. सात नंबर सगळ्यात वर मीच लिहिला. ही गोष्ट सांगताना मी शहाणी ठरते, म्हणून हे आधीच कबूल केलेलं बरं.

खंडेनवमीला आमच्याकडं यंत्रांची पूजा असते. पेशींच्या खोलीत फूल, उदबत्ती, हळद यांतलं काहीच चालत नाही. एका पाकळीवरची बुरशी महिन्याचं काम घालवू शकते. म्हणून खोलीबाहेर टेबल मांडायचं, त्यावर पिपेट, जुना मायक्रोस्कोप, चाव्यांचा जुडगा ठेवायचा आणि काचेच्या दाराला बाहेरून झेंडूचं तोरण लावायचं. त्या वर्षी सर म्हणाले, “यंदा सात नंबरलाही पूजेला बसवू या.” मी आनंदानं आत गेले आणि सातच्या बऱ्याच फ्लास्कांपैकी एकाचं झाकण आवळून त्याला बाहेर घेऊन आले. सरांनी मंत्र म्हटले, फ्लास्कला कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, आणि फोटो काढून गिऱ्हाइकाला पाठवून दिला. हाच आमचा निवडलेला क्लोन, असं खाली लिहून.

पुढची पंचाईत कुणाच्या डोक्यात आली नव्हती. बाहेरची धूळ लागलेला फ्लास्क परत आत नेता येत नाही. आणि पूजा झालेल्या फ्लास्कात ब्लीच ओतून तो टाकून द्यायला कुणाचा हात धजेना. शेवटी सरांनी तो केबिनमधल्या कपाटावर, गणपतीशेजारी ठेवला. आतलं गुलाबी पाणी हळूहळू पिवळं पडत गेलं. आमचे सगळ्यात जुने टेक्निशियन शहागंजचे. सगळी लॅब त्यांना भाई म्हणते. भाई केबिनच्या काचेतून तिकडं बघून मला म्हणाले, “अब ये साब हो गए मॅडम. केबिन मिल गई.”

दसऱ्यानंतर औषधाची चाचणी लावली. गिऱ्हाइकानं एक औषध पाठवलं होतं, या कायनेजला हमखास बंद करणारं. त्यांनी सांगितलेल्या मात्रेला एकोणीस आडवा झाला. बाकीचेही झाले. सात थोडा डगमगला आणि मग तसाच वाढत राहिला. पुन्हा लावली, पुन्हा तेच.

सर म्हणाले, “ताकदवान आहे तो. मात्रा जास्त लागेल त्याला.”

मी मान हलवली. मला ते पटलं नव्हतं, पण सात माझाही लाडका होता, आणि लाडक्याच्या बाबतीत माणूस अर्धवट पटलं तरी भागवतो.

त्या रविवारी मी आईवडिलांकडं गेले. माझे वडील, आमचे आबा, अजून मेंढरं राखतात. करमाडच्या पुढं, सोयाबीन निघालेल्या एका रानात त्यांनी मेंढरं बसवली होती. संध्याकाळी मेंढ्या चरून परत येत होत्या, आणि दिवसभर वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, ठेवलेली कोकरं ओरडून रान डोक्यावर घेत होती. आबांनी वाघर उचलली. कोकरं सुटली आणि त्या गलक्यात एकेक बरोबर आपापल्या आईला जाऊन भिडलं. एक गुबगुबीत कोकरू तेवढं कुठं थांबेना. या मेंढीखाली घुस, तिनं लाथ मारली की त्या मेंढीखाली घुस.

“आबा, ह्ये लई गुटगुटीत झालंय की,” मी म्हटलं.

“त्याचं कवतिक करू नको माय,” आबा म्हणाले. “चोरटं हाय ते. त्याच्या मायला दूधच नाय. चार जणींचं चोरून पितंय.”

“तुमाला कसं कळलं?”

“कामून नाय कळणार? मायलेकराला दोघांलाच बाजूला कोंडलं. दोन दिसांत पोट खपाटीला गेलं त्याचं. कळपात समदेच धष्टपुष्ट दिसतेत.”

आईनं चहा दिला होता, तो माझ्या हातातच निवला. सात नंबर आमच्याकडं कायम दाटीतच असायचा. वाढतोय, वाढतोय म्हणून आम्ही त्याला गर्दीतच ठेवला होता, फॅक्टर काढल्यावर विरळ करून एकटा असा कधी पाहिलाच नव्हता. या जातीच्या पेशी कधी कधी फॅक्टर स्वतःच बनवायला लागतात, हे मी शिकताना वाचलं होतं. तसं झालं तर कायनेज असलं काय अन् नसलं काय, त्या जगणारच, आणि आपल्या अवतीभवतीच्यांनाही जगवणार. वाचलेलं होतं, तरी तपासलं नाही, कारण सात दिसायला गोंडस होता. मला माझाच इतका राग आला की आबांनी विचारलं, “काय झालं गं? सासरी भांडून आलीस का?”

“नाय आबा,” मी म्हटलं, “उद्या भांडायचंय.”

सोमवारी भाईंना सोबत घेतलं. सात ज्यात वाढला होता तो रस काढला आणि इतक्या बारीक गाळणीतून गाळला की एकही पेशी त्यात राहू नये. तसाच एकोणीसचाही गाळला. मग मूळ पेशी घेतल्या, जनुक न घातलेल्या, ज्या फॅक्टरवाचून मरतात त्या. फॅक्टर तीनदा धुऊन काढला. काहींना सातचा उरलेला रस दिला, काहींना एकोणीसचा. शिवाय सातच्या थोड्याशा पेशी मोठ्या ताटलीत विरळ, एकट्या ठेवल्या, म्हणजे स्वतः फॅक्टर बनवत असतील तरी तो साठून पुरणार नाही.

गुरुवारी बघितलं. एकोणीसच्या रसातल्या मूळ पेशी मरून पडल्या होत्या, तसंच व्हायला हवं होतं. सातच्या रसातल्या मजेत जगत होत्या. आणि विरळ ठेवलेला सात, आमचा तो पैलवान, मलूल होऊन एका जागी बसला होता.

भाईंनी मायक्रोस्कोपमधून डोळा काढला आणि शांतपणे म्हणाले, “मॅडम, ये तो घर से डब्बा लेके आया था.”

एवढं सोपं करून मला आजही कुणाला सांगता येत नाही.

मी तशीच सरांच्या केबिनमध्ये गेले आणि सगळं सांगितलं. सर आधी म्हणाले, “फॅक्टर नीट धुतला गेला नसेल.”

“तीनदा धुतलाय सर.”

“मग चौथ्यांदा धुवा. अहो, पुढच्या आठवड्यात पाठवायचाय तो. फोटो गेलाय. मी कुंकू लावलंय त्याला.”

“मग एकोणीसलाही लावा. पण सात जाणार नाही.”

“जाणार नाही म्हणजे?”

“पाठवण्याच्या कागदावर सही माझी लागते,” मी म्हटलं. “ती मी करणार नाही.”

माझा आवाज चढला होता. बाहेर कीबोर्डची टकटक थांबल्याचं मला ऐकू आलं. सरांनी खुर्ची मागं सरकवली. “एकोणीसच्या चालीनं जायचं तर महिने लागतील. गिऱ्हाइक थांबलं नाही तर विभाग गेला. हैदराबाद विसरलात का?”

“मला हैदराबादला जायचं नाही, म्हणूनच सांगतेय.”

 सर उठले, आणि कित्येक वर्षांनी हातमोजे चढवून आमच्या खोलीत आले. मूळ पेशी त्यांनी स्वतः धुतल्या. तीनदा नाही, पाचदा. सातचा रस स्वतः गाळला. हात अजून सफाईदार होता, हे कबूल करायला हवं. भाई आणि मी मागं उभे राहून नुसतं बघत होतो. सोमवारी ते सकाळी सगळ्यांच्या आधी आले. मी पोचले तेव्हा मायक्रोस्कोपला डोळा लावून बसलेले होते, आणि मूळ पेशी सातच्या रसात खुशाल जगत होत्या.

“फोटोवर लोक हसतील आता आपल्याला,” ते म्हणाले.

“हसू देत सर. लाइन परत आली तर रडायची वेळ येईल.”

त्यांनी माझ्यासमोर बसून गिऱ्हाइकाला पत्र लिहिलं. कुठलीही सारवासारव नाही. आमचा क्लोन चुकीचा निघाला, चूक आमच्या लक्षात आली आहे, दुसरा देतो, संक्रांतीपर्यंत वेळ द्या. मला त्यांच्याबद्दल जो आदर त्या सकाळी वाटला तो त्याआधीच्या सगळ्या वर्षांत कधी वाटला नव्हता. मग त्यांनी हैदराबादला फोन लावला. तिकडचे साहेब इतक्या जोरात बोलत होते की फोन कानापासून हातभर लांब धरूनही मला सगळं ऐकू येत होतं. त्यांचं म्हणणं एवढंच, की संक्रांतीनंतर आणखी एक दिवसही मिळणार नाही. ते सगळं सरांनी एकट्यानं ऐकून घेतलं. माझं नाव कुठंही घेतलं नाही.

एकोणीस मुलखाचा हट्टी निघाला. घाई केली की रुसायचा. रस जरा गार राहिला तरी रुसायचा. दिवाळीच्या दोन दिवसांतही मी येऊन त्याला बघून जात होते, आणि सासूबाई म्हणत होत्या, “तुझ्या त्या एकोणीसला इकडंच का आणत नाहीस जेवायला?” पण जे हवं ते सगळं त्याच्याकडं होतं. विरळ ठेवला तरी जगायचा. औषध घातलं की मरायचा. औषधासोबत फॅक्टर दिला की पुन्हा जगायचा. म्हणजे औषध विषारी नव्हतं, ते फक्त कायनेज बंद करत होतं. आठवड्यामागून आठवडे आम्ही त्याला वाढवत गेलो, आणि प्रत्येक वेळी त्याचं उत्तर तेच आलं. एकदा गोठवून, वितळवून पुन्हा वाढवला. तरी तेच. भाई त्याला ‘मास्टरजी’ म्हणायला लागले, कारण कधी खोटं बोलत नाही म्हणून.

संक्रांतीच्या आधी एकोणीसच्या गोठवलेल्या कुप्या कोरड्या बर्फात बंद झाल्या. सही मी केली. खोक्याला पट्टी लावताना भाई ‘बिस्मिल्ला’ म्हणाले, सर ओठांत काहीतरी पुटपुटले आणि मी म्हटलं, नीट जा. कुंकवाचं नाव कुणी काढलं नाही.

मग थांबणं. असले दिवस माझ्या स्वभावाला झेपत नाहीत. मी घरात दोनदा विनाकारण भांडले आणि एकदा सकारण. लॅबमध्ये फ्रीजरशेजारून जाताना त्यांच्यावर हात ठेवून जायला लागले. कुणी बघितलं असतं तर वेडी म्हटलं असतं.

गिऱ्हाइकाचा निकाल व्हिडिओ कॉलवर आला. एका खिडकीत त्यांच्या शास्त्रज्ञ बाई, दुसऱ्या खिडकीत हैदराबादचे साहेब, आणि इकडं एकाच टेबलाशी आम्ही तिघं. बाईंनी चेहऱ्यावर काही न दाखवता सुरुवात केली. त्या म्हणाल्या, कुप्या आल्यावर आम्ही आधी औषधाची चाचणी केलीच नाही. आधी तुमच्या पेशींचा उरलेला रस गाळून मूळ पेशींना दिला. याआधी दुसऱ्या एका लॅबनं आम्हाला असा स्वतःच फॅक्टर बनवणारा क्लोन दिला होता, त्यात आमचं फार काम वाया गेलं. तेव्हापासून ही आमची पहिली परीक्षा असते. तुमच्या रसात मूळ पेशी एकूण एक मेल्या.

मला समजायला क्षणभर वेळ लागला. सात पाठवला असता तर तो पहिल्याच परीक्षेत पडला असता. टेबलाखाली भाईंनी स्वतःच्या गुडघ्यावर थाप मारलेली मला ऐकू आली.

बाई पुढं बोलत होत्या. मग त्यांनी नावं झाकून बरीच औषधं एकोणीसवर लावली होती. लागू पडणारी कुठली आणि न पडणारी कुठली, हे त्यांना आधीच ठाऊक होतं. एकोणीसनं एकही चूक केली नव्हती. लाइन पास होती. त्यांना आणखी लाइन घडवून हव्या होत्या, वेगवेगळ्या बिघडलेल्या कायनेजच्या, आणि त्या याच हातांनी घडवलेल्या हव्या होत्या.

हैदराबादच्या साहेबांनी विचारलं, “सात नंबर पकडला कुणी?”

“मॅडमनी,” सर म्हणाले. “मी पाठवायला निघालो होतो. त्यांनी सही करायला नकार दिला.”

साहेब खूश झाले. म्हणाले, मॅडम, तुम्ही हैदराबादला या. मोठी लॅब देतो, फ्रीजरही इकडंच मागवून घेऊ, आमच्या लोकांना हे काम शिकवा. ते मनापासून बक्षीसच देत होते. सर माझ्याकडं न बघता समोरच्या पेनाचं टोपण काढत-घालत बसले.

“साहेब,” मी म्हटलं, “फ्रीजर इथंच राहतील. ज्यांना शिकायचंय त्यांना शेंद्र्याला पाठवा.”

 मला वाटलं, आता माझं काही खरं नाही. तेवढ्यात शास्त्रज्ञ बाई पहिल्यांदाच हसल्या. त्यांना हेच योग्य वाटतं, असं म्हणाल्या. आणि साहेबांनी होकार दिला.

पुढच्या महिन्यात हैदराबादहून दोघी जणी आल्या. दोघी माझ्यापेक्षा जास्त शिकलेल्या, मोठ्या कॉलेजातून आलेल्या, हातात कोऱ्या वह्या. सर त्यांना आत घेऊन आले आणि म्हणाले, “या आमच्या मॅडम. इथली लाइन यांनी घडवली.” मी त्यांना वह्या बाजूला ठेवायला सांगितल्या, हातमोजे दिले आणि मायक्रोस्कोपसमोर बसवलं. माझी छाती अभिमानानं फुगली होती, आणि मी ती खुशाल फुगू दिली.